खर्चाच्या वहीतून अर्थशास्त्र कसे वाचावे

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात, भाव चढला की मागणी घटते हे दाखवणारा मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरत जातो आणि परीक्षेपुरता तो प्रत्येकाला काढता येतो. पण तोच वक्र मेसच्या ताटात, मंडईतल्या मेथीच्या जुडीत आणि शेअर रिक्षाच्या मागच्या सीटवरही भेटतो, हे मला पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका खर्चाच्या वहीमुळे कळले. वही ठेवायला सुरुवात केली होती ती पैसे पुरावेत म्हणून. पैसे थोडे जास्त दिवस पुरू लागले हे खरे, पण त्याहून मोठा लाभ असा झाला की प्रत्येक किमतीला दोन टोके असतात आणि आपण एकाच टोकाला उभे असतो, हे रोज दिसू लागले. ही वही कशी आखावी, तिच्यात काय लिहावे आणि महिनाभराने ती कशी वाचावी, ते पुढे सांगत आहे. त्यासाठी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असण्याची गरज नाही. रोज रात्री दहा मिनिटे आणि थोडे कुतूहल एवढे पुरते.

वहीची आखणी

शंभर पानांची साधी वही घ्यावी. मोबाइलवर खर्च नोंदवण्याची सोय आहे, परंतु तिथे रक्कम आणि खर्चाचा प्रकार एवढेच लिहिले जाते आणि आपल्याला जे शोधायचे आहे त्याला जागाच नसते. पानावर पाच रकाने आखावेत : तारीख व वेळ, वस्तू, किंमत, ‘काय सोडले’ आणि ‘समोरचा’. पहिले तीन रकाने कोणत्याही हिशेबाच्या वहीत असतात. चौथ्या रकान्यात त्याच पैशांत किंवा त्याच वेळात आपण दुसरे काय करू शकलो असतो ते लिहावे, आणि पाचव्यात विकणाऱ्याने ही किंमत का लावली असावी याचा आपला अंदाज एका वाक्यात लिहावा. पाचवा रकाना पेन्सिलीने भरावा, कारण तो पुष्कळदा खोडावा लागतो. वेळ लिहिण्याचा कंटाळा करू नये. सकाळी नऊची मेथी आणि रात्री साडेआठची मेथी या बाजाराच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू आहेत.

चौथ्या रकान्यात जे येते त्याला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात, आणि तो लिहिताना एक शिस्त पाळावी लागते. तिथे ‘पैसे वाचले असते’ असे लिहू नये, कारण वाचलेले पैसेही शेवटी कशासाठी तरीच वाचतात. शनिवारी ऐंशी रुपयांची मिसळ खाल्ली, तर त्या ऐंशी रुपयांत दुसऱ्या पसंतीची जी एकच गोष्ट झाली असती तीच लिहावी. पाच गोष्टींची यादी केली तर त्यांपैकी चार खोट्या ठरतात, कारण तेच ऐंशी रुपये पाच वेळा खर्च करता आले नसते.

वेळेच्या बाबतीत हा रकाना विशेष उपयोगी पडतो. एका दिवशी माझ्या वहीत अशी नोंद आहे की बससाठी वीस मिनिटे थांबले आणि शेअर रिक्षाच्या तुलनेत पंधरा रुपये वाचवले. याचा अर्थ त्या संध्याकाळी मी माझा एक तास पंचेचाळीस रुपयांना विकला. हा सौदा चांगला की वाईट, हे एका नोंदीवरून सांगता येत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो वाईट होता आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर तोच अगदी योग्य होता. तासाची ही किंमत दर आठवड्याला काढून समासात लिहावी. ती किती वरखाली होते हे पाहून मला मोठी गंमत वाटली, आणि वर्गात ऐकलेला ‘वेळेचे मूल्य’ हा शब्दप्रयोग पहिल्यांदाच आपला वाटला.

मेसच्या ताटात काय मोजावे

विद्यार्थ्याच्या खर्चात मेसचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून पहिला आठवडा तिथेच घालवावा. अमर्याद ताटाच्या मेसमध्ये महिन्याचे पैसे एक तारखेला भरलेले असतात, त्यामुळे पुढच्या प्रत्येक पोळीची किंमत आपल्यापुरती शून्य असते. किंमत शून्य असताना माणूस किती खातो? तर ज्या घासातून मिळणारे अधिकचे समाधान शून्यावर येते तिथपर्यंत. प्रत्येक पुढच्या घासातून मिळणारे हे अधिकचे समाधान घटत जाते; घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत तो हाच. हेर्मान गोसेन या जर्मन अभ्यासकाने तो १८५४ मध्ये मांडला आणि पुढे आल्फ्रेड मार्शल यांनी त्याला आज आपण शिकतो ते रूप दिले.

मेसच्या फीस्टच्या दिवशी याचा प्रयोग करावा. प्रत्येक गुलाबजाम खाल्ल्यावर लगेच त्याला दहापैकी गुण द्यावेत आणि मनात शंका असली तरी ते नंतर बदलू नयेत. माझे गुण असे होते : पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला पाच, चौथ्याला एक आणि पाचव्याला उणे दोन. बेरीज करत गेले की एकूण उपयोगिता दहा, अठरा, तेवीस, चोवीस अशी चढते आणि पाचव्या गुलाबजामाला बावीसवर उतरते. म्हणजे माझ्यासाठी ताट चौथ्या गुलाबजामाला पूर्ण झाले होते. पाचवा खाल्ला तो चवीसाठी नाही, ‘पैसे वसूल’ करण्यासाठी. पैसे वसूल हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्यातली चूक ध्यानात येत नाही; एक तारखेला दिलेले पैसे पाचवा गुलाबजाम खाल्ल्याने परत येत नाहीत आणि सोडल्याने आणखी जातही नाहीत. अशा खर्चाला बुडीत खर्च म्हणतात. पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरायचा नसतो. कंटाळवाण्या चित्रपटाला शेवटपर्यंत बसून राहण्याची सवयही याच जातीची आहे.

आता पाचव्या रकान्याकडे यावे. मेस चालवणाऱ्या काकूंना अमर्याद पोळ्या देणे कसे परवडते, आणि परवडत असेल तर पनीरची भाजी मात्र वाटीनेच का मिळते? माझा पहिला अंदाज असा होता की पनीर महाग आहे म्हणून. तो अर्धाच बरोबर निघाला. खरे गणित असे आहे की काही मुले सात पोळ्या खातात, काही तीन, आणि शंभर ताटांची सरासरी रोज जवळपास तीच राहते. त्यामुळे कणीक किती भिजवायची हे काकूंना आधीच ठाऊक असते आणि एखादी पोळी वर गेली तर तिचा खर्च थोडाच असतो. पनीरचे तसे नाही. ते अमर्याद ठेवले तर सरासरीच वर सरकेल, आणि प्रत्येक जादा वाटी जास्त खर्चाची असेल. ज्या पदार्थाचा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग देण्याचा खर्च, कमी तो हवा तितका, ज्याचा जास्त तो मोजून, हा नियम एकदा दिसला की कोणतेही ताट वाचता येते.

खाड्याचा नियमही असाच वाचण्याजोगा आहे. अनेक मेसमध्ये एका दिवसाचा खाडा धरत नाहीत. सलग काही दिवस गावी जाणार असाल आणि आधी सांगितले असेल तरच पैसे वजा होतात. हा नियम मला सुरुवातीला अन्यायाचा वाटत असे. आमच्या काकूंना विचारल्यावर त्यांनी समजावले की सकाळीच सांगितले नाही तर कणीक भिजलेली असते आणि भाजी चिरलेली असते, शिवाय जागेचे भाडे आणि मदतीला येणाऱ्या बायकांचा पगार कोणी जेवायला आले नाही म्हणून कमी होत नाही. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या पाच मिनिटांत अधिक स्पष्ट झाला.

विचारण्याची रीत

पाचवा रकाना खरा करायचा तर लोकांना विचारावे लागते, आणि विचारण्याची एक रीत आहे. गर्दीच्या वेळी विचारू नये. मेसमध्ये दुपारी तीनच्या सुमारास भाजी निवडणे चालू असते, तेव्हा आपणही दोन जुड्या निवडायला घ्याव्यात आणि मग बोलावे. ‘तुम्हाला यात किती सुटतात?’ असा प्रश्न कोणालाही आवडत नाही, आणि तो विचारण्याचा आपल्याला अधिकारही नाही. त्याऐवजी माल कुठून येतो, किती दिवस टिकतो, उरला तर काय करता, कोणत्या महिन्यात गिऱ्हाईक कमी असते, असे कामाविषयीचे प्रश्न विचारावेत. माणसे आपल्या कामाविषयी मनापासून बोलतात, आणि किमतीचे कारण बहुतेक वेळा त्या बोलण्यातच सापडते.

महात्मा फुले मंडईत रात्री उशिरा मेथीची जुडी सकाळच्या निम्म्या भावाने का मिळते, याचे उत्तर मला ‘उरला तर काय करता’ या प्रश्नातून मिळाले. उद्या सकाळी ती जुडी मान टाकणार असते, म्हणून ती न विकण्यात विक्रेत्याचा काहीच फायदा नसतो. रात्री आठनंतर त्याचाही संधी खर्च शून्याकडे सरकत असतो. अशा वेळी दहा रुपयांना मिळालेल्या जुडीवर आणखी घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो भाव विक्रेत्याने आपणहून शेवटपर्यंत उतरवलेला असतो.

शेअर रिक्षाचे गणित लहान आहे. एका फेरीचा पेट्रोल-गॅसचा खर्च प्रवासी एक असो की तीन, जवळपास तेवढाच होतो, म्हणून सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. आपण कमी भाडे देतो आणि उरलेले मोल थांबण्याच्या रूपाने देतो. ते थांबणे चौथ्या रकान्यात लिहायला विसरू नये.

कांदा : दोन वह्यांचा हिशेब

एक तरी वस्तू अशी निवडावी की जिचा भाव वर्षभर नोंदवता येईल. मी कांदा निवडला, कारण माझे घर निफाड तालुक्यात आहे, लासलगावची बाजार समिती आमच्या तालुक्यातच आहे आणि माझ्या वडिलांच्या खिशातल्या डायरीत कांद्याचा भाव आधीपासूनच असतो. तुम्ही टोमॅटो, अंडी किंवा केळी घेतली तरी चालेल. मात्र विकत घेण्याचा भाव आणि पिकवणाऱ्याला मिळणारा भाव हे दोन्ही कळतील अशी वस्तू असावी. लासलगावचा किमान, कमाल आणि सरासरी भाव रोज वर्तमानपत्रात येतो. तो क्विंटलचा असतो, म्हणून शंभराने भागावे आणि आपल्या दुकानातल्या किलोच्या भावाशेजारी लिहावे. मधल्या अंतरात वाहतूक, हमाली, प्रतवारीत बाजूला पडलेला माल, वाटेत सुकून घटलेले वजन आणि दुकानदाराचा वाटा असतो. हे अंतर पाहताच कोणावर तरी रागावण्याचा मोह होतो. तो आवरून आधी एकेक घटक विचारून घ्यावा.

भावाशेजारी महिना आणि त्या दिवसांतली विशेष गोष्टही लिहावी. अर्थशास्त्रातला जवळपास प्रत्येक नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या शब्दांनी सुरू होतो, आणि कांद्याच्या बाबतीत इतर परिस्थिती कधीच कायम नसते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते, घरोघरी भजी, थालिपिठे होतात आणि त्यानंतर चातुर्मासात अनेक घरांतून कांदा-लसूण बाजूला ठेवला जातो. भाव तोच असूनही मागणी घटते. पुस्तकात याला मागणीतील ऱ्हास म्हणतात. भाव वाढल्यामुळे खरेदी कमी झाली तर तो मागणीतील संकोच. परीक्षेत या दोहोंची सर्रास गल्लत होते, परंतु ज्याने कांदेनवमी आणि भाववाढ एकाच वहीत नोंदवली आहे त्याची होणार नाही.

मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, मोजण्यासाठीही कांदा उत्तम आहे. समजा भाव तीसवरून साठ रुपये झाला आणि मेसमध्ये रोज दहा किलोऐवजी आठ किलो कांदा लागू लागला. भावात शंभर टक्के वाढ आणि मागणीत वीस टक्के घट, म्हणजे लवचिकता ०.२, मागणी फारच ताठर आहे. पण ताटाकडे नीट पाहिले तर सगळ्या उपयोगांची लवचिकता सारखी नसते. भाव चढताच कांदाभजी जातात आणि त्यांच्या जागी कोबीची भजी येतात, कोशिंबिरीत कांद्याऐवजी मुळा येतो, फोडणीतला कांदा मात्र शेवटपर्यंत हटत नाही. ज्या उपयोगाला पर्याय आहे तिथे मागणी लवचिक आणि ज्याला नाही तिथे ताठर, हे चटकन दिसते.

दुसऱ्या टोकाचे, म्हणजे पिकवणाऱ्याचे, गणित अवघड आहे. उन्हाळ कांदा साधारण मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, साठवता येतो. समजा शंभर क्विंटल कांदा निघाला आणि एप्रिलमध्ये भाव बाराशे रुपये क्विंटल आहे. लगेच विकला तर एक लाख वीस हजार रुपये हाती येतात. सप्टेंबरपर्यंत थांबायचे ठरवले तर सुकणे, सडणे आणि मोड येणे यांमुळे पाव हिस्सा गेला असे धरू. उरलेल्या पंचाहत्तर क्विंटलचे तेवढेच पैसे होण्यासाठी भाव किमान सोळाशे व्हायला हवा, आणि यात चाळीचा खर्च, कर्जावरचे व्याज व मधल्या काळात घरखर्चासाठी घेतलेली उसनवार धरलेलीच नाही. हा निर्णय एप्रिलमध्ये, सप्टेंबरचा पाऊस माहीत नसताना घ्यायचा असतो. मी वडिलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ते म्हणाले की ते दरवर्षी तोच मनात मांडतात.

खरिपाच्या पोळ कांद्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. तो ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो, पण टिकत नाही, त्यामुळे भाव पडला तरी थांबता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. बंदी आली तेव्हा मी बारावीत होते आणि घरीच होते. भाव उतरले, आणि शेतातून निघालेला पोळ कांदा तरीही विकावाच लागला. शहरातल्या एखाद्या मेसच्या वहीत त्याच आठवड्याला ‘कांदा स्वस्त झाला’ अशी नोंद झाली असेल, आणि तीही खरीच होती. दिवाळीत घरी जाते तेव्हा मी माझी वही आणि वडिलांची डायरी शेजारी ठेवून एकाच तारखेचे दोन भाव जुळवते. या विषयात मला सर्वांत जास्त शिकवणारे काम हेच आहे.

महिन्याअखेर : स्वतःचा निर्देशांक

महिना संपला की वहीतून आपला किंमत निर्देशांक काढावा. पहिल्या महिन्यात आपण प्रत्येक वस्तू किती घेतली ते निश्चित करावे आणि पुढच्या महिन्याचे भाव त्याच नगांना लावावेत. जर्मन संख्याशास्त्रज्ञ लास्पेअर यांची १८७१ मधली पद्धत हीच आहे. उदाहरणादाखल पहिल्या महिन्यात मेस ३२०० रुपये, दहा रुपयांचे साठ चहा म्हणजे ६०० रुपये, झेरॉक्स २००, प्रवास ६०० आणि रिचार्ज ३००, असे एकूण ४९०० रुपये झाले. पुढे मेस ३४०० झाली, चहा बारा रुपये झाला आणि बाकी सगळे तसेच राहिले, तर तीच टोपली ५२२० रुपयांना पडते. ५२२० ला ४९०० ने भागून शंभराने गुणले की निर्देशांक १०६.५ येतो, म्हणजे आपल्यापुरती महागाई साडेसहा टक्के झाली.

इथे थांबून एक गोष्ट पाहावी. चहा वीस टक्क्यांनी वाढला म्हणून कट्ट्यावर चर्चा चहाचीच होते, पण वाढलेल्या ३२० रुपयांपैकी चहाचे १२० आणि मेसचे २०० आहेत. मेस सव्वासहा टक्केच वाढली, तरी तिचा भार, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, मोठा आहे. सरकारी निर्देशांक आणि आपला अनुभव जुळत नाही असे जेव्हा वाटते तेव्हा कारण पुष्कळदा या भारात असते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के होता. वरच्या टोपलीत मेस आणि चहा मिळून तो सत्याहत्तर टक्क्यांहून अधिक होतो. त्यामुळे खाणे महागले की विद्यार्थ्याला ते देशाच्या सरासरीपेक्षा जास्त जाणवणारच.

मैत्रिणींबरोबर भिशी लावली असेल तर तिचेही एक पान ठेवावे. दहा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढले आणि चिठ्ठी टाकून नंबर ठरवला, तर सगळ्या सारखेच भरतात, पण पहिला नंबर लागलेलीला बिनव्याजी कर्ज मिळते आणि शेवटचीने ते दिलेले असते. लिलाव भिशीत हेच उघड होते : एखादीला पहिल्याच महिन्यात पैशांची निकड असेल आणि तिने पाच हजारांऐवजी साडेचार हजारांवर भिशी उचलली, तर सुटलेले पाचशे रुपये दहा जणींत पन्नास-पन्नास वाटले जातात. त्या पन्नास रुपयांसमोर ‘समोरचा’ रकान्यात थांबण्याचे मोल असे लिहावे. व्याजाची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

दुसऱ्या महिन्याचे पान आखण्यापूर्वी पहिल्या महिन्याचे पेन्सिलीचे अंदाज एकदा वाचून काढावेत आणि जे विचारून पक्के झाले ते शाईने लिहावेत. माझ्या पहिल्या महिन्यातले निम्म्याहून अधिक अंदाज खोडावे लागले, आणि खरी कारणे तेवढ्या जागेत बसेनात. म्हणून दुसऱ्या वेळी आखताना किमतीचा रकाना दोन बोटांचा पुरे, आणि उरलेली सगळी रुंदी ‘समोरचा’ या रकान्याला द्यावी.